हात देबेन ना

शिट्टी वाजली तेव्हा आईचा हात भिंतीपासून वीतभर लांब होता. जानेवारीतली सकाळ. ऊन अजून झाडांच्या वरच्या फांद्यांतच अडकलेलं, आणि शांतिनिकेतनच्या 'उत्तरायण' या आवारात आम्ही दोघी श्यामलीसमोर, रवींद्रनाथांच्या मातीच्या घरासमोर, उभ्या होतो. बहुतेक लोक उदयनसमोर फोटो काढतात, रवींद्रनाथांची हंबर गाडी बघतात आणि श्यामलीवर एक नजर टाकून पुढे जातात. आई मात्र तिथेच थांबली. आधी तिनं लांबून पाहिलं. मग बाजूला जाऊन भिंतीच्या जाडीचा अंदाज घेतला, आणि छप्पर भिंतीला जिथे टेकतं तिथे मान वर करून बराच वेळ बघत राहिली, लुगड्याचा पोत पारखावा तशी. आणि मग तिच्याही नकळत तिचा उजवा हात पुढे गेला. तळवा उघडा, बोटं जराशी वाकलेली. तेवढ्यात शिट्टी. माकडटोपी घातलेला एक तरुण पहारेकरी लगबगीनं आला. ओरडला नाही. उलट जरा ओशाळूनच, हळू आवाजात म्हणाला, "माशीमा, हात देबेन ना."

आईनं हात मागे घेतला आणि पदराखाली धरला. चूक पकडली गेलेल्या लहान मुलीसारखा तो हात तिनं इतका घट्ट धरला होता की मलाच कसंतरी झालं. बाहेर येऊन टोटोत, म्हणजे तिथल्या बॅटरीवरच्या रिक्षात, बसेपर्यंत ती काही बोलली नाही. टोटो लाल मातीच्या रस्त्याला लागली, थंड वारा कानात शिरायला लागला, तेव्हा म्हणाली, "हात देऊ नका म्हणाला ना तो? मातीच्या घराला कुणी हातच द्यायचा नाही, तर ते उभं कसं राहायचं?"

मी हसले. तिला समजावून सांगितलं की बंगालीत हात देणं म्हणजे हात लावणं. आपल्यासारखं नाही, आपल्याकडे पडणाऱ्याला हात देतात. तिनं ऐकून घेतलं. शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, शब्दाचा फरक तिला लगेच कळला. पण तिचं समाधान झालं नव्हतं.

"ते कळलं गं. पण मग सारवतं कोण?"

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आजही नीटसं नाही. मी तिला शांतिनिकेतन दाखवायला नेलं होतं, आठवडाभर आधीपासून वाचून ठेवलं होतं, कुठल्या घरात कवी कधी राहिले ते पाठ केलं होतं. सप्तपर्णीखालची छातीमतला, काचेचं उपासनागृह, आंब्याखाली भरणारे वर्ग, बुधवारची सुट्टी, सगळं सांगायला तयार होते. आणि तिनं विचारलं ते नेमकं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

उत्तरायण म्हणजे एक घर नव्हे, एकाच आवारातली पाच घरं. कोणार्क, उदयन, श्यामली, पुनश्च, उदीची. सगळी एका माणसाची, त्याच्या शेवटच्या वीस-बावीस वर्षांतली. इतक्या घरांचं काय करायचं एका माणसाला, असं कुणालाही वाटेल. पण त्या आवारात हिंडताना ही श्रीमंती वाटत नाही, तगमग वाटते. एका घरात मन लागेनासं झालं की त्यांना दुसरं हवं असायचं, कुठे खिडकी मोठी हवी, कुठे खोली लहान हवी. कोणार्कच्या खोल्यांच्या जमिनीसुद्धा एका पातळीत नाहीत, चढउतार करत जावं लागतं. उदयन सगळ्यांत भारदस्त, पाहुण्यांचं आणि नाटकांच्या तालमींचं. पण माझा जीव अडकला तो 'पुनश्च' या नावात. आपण पत्र लिहून सही करतो आणि मग आठवतं की एक गोष्ट राहिली, तेव्हा खाली ता. क. लिहितो. घराला असं नाव ठेवणारा माणूस स्वतःशी किती मोकळा असेल! कारण त्याच्या आधीचं घर, म्हणजे श्यामली, हे आपलं शेवटचं घर असं त्यांनी कवितेतून जाहीर करून टाकलं होतं.

ते साल १९३५. कवींना मे महिन्यात ७४ वर्षं पूर्ण झाली आणि त्या वाढदिवसाला ते श्यामलीत राहायला गेले. आराखडा सुरेंद्रनाथ कर यांचा. भिंतींवरची उठावशिल्पं नंदलाल बोस आणि कलाभवन या तिथल्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातची. दाराशी उभी असलेली संथाळ माणसं रामकिंकर बैज यांची. भिंती मातीच्या, आणि मुख्य म्हणजे छप्परही मातीचं. बीरभूमच्या गावांत भिंती मातीच्या असतातच, पण वर गवत शाकारलेलं. ते गवत पेटतं, आणि एक पेटलं की आळी पेटते. मातीचंच छप्पर टिकलं तर गरिबाला आगीची भीती न बाळगता राहता येईल, असा त्यामागचा विचार. कवीच्या हौसेपेक्षा तो कितीतरी मोठा होता. मातीत डांबर मिसळून पाहिलं, आणखी काय काय करून पाहिलं. कवितेतही ही माती आहे. 'शेष सप्तक' या त्याच वर्षीच्या संग्रहात ते म्हणतात की माझं अखेरच्या वेळेचं घर मी मातीचं बांधून ठेवीन, त्याचं नाव श्यामली ठेवीन, आणि ते पडेल तेव्हा झोप लागावी तसं पडेल, माती मातीच्या कुशीत जाईल. तुटके खांब वर करून ते धरणीशी भांडणार नाही. फाटक्या भिंतींच्या बरगड्या दाखवत, गेलेल्या दिवसांच्या भुतांना त्यात घरटं करू देणार नाही.

हे वाचलं होतं मी. पण ते घर समोर असताना, शिट्टी वाजल्यानंतर, पहिल्यांदा नीट कळलं की ज्या घराच्या मालकानं त्याला सुखानं पडायची मुभा दिली होती, त्या घराला आपण पडू देत नाही आहोत.

मराठी माणसाला श्यामलीचं छप्पर पाहून नवल वाटायला नको खरं तर. खानदेशात धाब्याची घरं आहेत, मराठवाड्यात माळवदं. माझं आजोळ माळवदाचं. लाकडी सर, त्यावर किलचनाच्या काटक्या, त्यावर पाला, आणि वर हातभर पांढरी माती. खोलीत मध्यभागी सवणं, त्यातून उन्हाचा एक खांब सरळ जमिनीवर उतरायचा आणि दिवसभर खोलीभर फिरायचा. आम्ही मुलं त्यात हात घालून धूळ नाचवायचो. मे महिन्यात बाहेर जीव नकोसा झालेला असताना आत पाऊल टाकलं की डोळ्यांवर ओला फडका ठेवावा तसं वाटायचं. आणि तो वास! सारवून अर्धवट वाळलेल्या जमिनीचा, त्यात मिसळलेला चुलीचा धूर, कोपऱ्यातल्या कणगीतली ज्वारी. श्यामलीपासून चार हात लांब उभी राहून मी तो वास शोधत होते. आला नाही. स्वच्छ, कोरडी, राखलेली जागा होती ती. शेजारून गुलाबांचा वास येत होता.

माळवद म्हणजे दरवर्षीचं काम, हे मात्र आम्हा मुलांना कधी नीट दिसलं नाही, कारण सुट्टीत आम्ही फक्त राहायला जायचो. आईला दिसायचं, कारण तिनं ते केलेलं होतं. मृगाच्या आधी गढीवरून पांढरी माती आणायची. गढी म्हणजे गावातली सगळ्यांत जुनी पडकी वास्तू. पिढ्यान् पिढ्या तिचीच माती नेऊन लोकांनी आपली घरं लिंपली आणि गढी इंचाइंचानं खचत गेली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. माती, शेण, भुसा पाणी घालून तुडवायचं, चार दिवस कुजू द्यायचं, पुन्हा तुडवायचं. त्या गाऱ्याचा वास अंगाला आठवडाभर राहायचा म्हणे. मग माळवदावर नवा थर, भिंतीला गिलावा, आणि शेवटी हातानं घोटणं. एवढं करूनही रात्री-अपरात्री पावसात कुठे धार लागली की आजोबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर जायचे आणि गळकी जागा पायानं दाबून यायचे. आई सांगते, "रात्री झोपेत वर पावलं वाजली की आम्हाला बरं वाटायचं. कुणीतरी वर आहे म्हणजे घर आहे."

म्हणून तिचा हात पुढे गेला होता. इमारतीला हात लावून बघावा असं तिच्या मनात नव्हतंच. गिलावा पोकळ वाजतो का, पापुद्रा सुटतोय का, हे तळव्याला कळतं. डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसा तो हात होता.

त्या पहारेकऱ्यावर मात्र राग येऊ शकत नाही, आणि कुणाला यावा असंही मला वाटत नाही. याच उत्तरायणातल्या संग्रहालयातून २००४ च्या मार्चमध्ये रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं. ते अजून सापडलेलं नाही. स्वीडनच्या नोबेल प्रतिष्ठाननं प्रतिकृती दिल्या, त्या आहेत, पण ज्या घराचं सर्वस्व एकदा लुटलं गेलंय त्या घरानं कड्या-कुलपं वाढवली तर त्याला नावं कशी ठेवायची? शिवाय २०२३ च्या सप्टेंबरपासून शांतिनिकेतन जागतिक वारशाच्या यादीत आहे. दिवसाला किती माणसं त्या आवारातून जात असतील! प्रत्येकानं एकदा तळवा फिरवला तरी नंदलालांच्या विद्यार्थ्यांनी उठवलेली ती शिल्पं काही वर्षांत गुळगुळीत होतील. पुरातत्त्व खात्यानं श्यामलीची डागडुजी केली म्हणूनच तर आम्हाला ती उभी दिसली. म्हणजे कुणीतरी हात दिलाच आहे. जाणकार हात, परवानगी असलेले हात. आईच्या प्रश्नाचं रीतसर उत्तर हेच, आणि मी ते तिला त्याच दुपारी जेवताना दिलं. तिनं भातावर डाळ घेतली, मान हलवली. "मग बरं आहे," म्हणाली. पण तिला ते पटलेलं नव्हतं, आणि का कोण जाणे, मलाही नाही.

दुपारी तिला झोप लागली आणि मी खोलीच्या व्हरांड्यात बसून राहिले. मनात सारखे काकासाहेब कालेलकर येत होते. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस १९१४-१५ मध्ये शांतिनिकेतनात शिक्षक होता. त्याच काळात गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या फिनिक्स आश्रमातली मुलं तिथे उतरलेली होती, आणि त्यांना भेटायला १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी आले. तीन दिवसांतच पुण्याहून गोखले गेल्याची तार आली. शांतिनिकेतनच्या त्या शांत माळावर ती तार हातात घेतलेले गांधीजी मला नेहमी डोळ्यांपुढे येतात. तडक पुण्याला निघाले ते. मार्चमध्ये परत आले तेव्हा त्यांनी मुलांना आणि शिक्षकांना विचारलं की नोकर कशाला हवेत, आपला स्वयंपाक, आपली झाडलोट आपणच का करू नये? १० मार्चला ते सुरू झालं. कालेलकर त्यात हौसेनं उतरलेल्यांपैकी. रवींद्रनाथांना असल्या गोष्टींची फार आवड होती अशातला भाग नाही, पण त्यांनी अडवलं नाही. स्वराज्याची किल्ली यात आहे, असं मुलांना सांगितलं. प्रयोग फार दिवस चालला नाही. पण तो दिवस राहिला. आजही १० मार्चला तिथे गांधी पुण्याह पाळतात, कामगारांना सुट्टी असते आणि विद्यार्थी-शिक्षक हातात झाडू घेतात.

आणि पंचवीस वर्षांनी, १९४० च्या फेब्रुवारीत, गांधीजी कस्तुरबांना घेऊन पुन्हा आले तेव्हा त्यांना कुठे उतरवलं? श्यामलीत. उदयनसारखं प्रशस्त घर असताना मातीच्या घरात. कस्तुरबांनी त्या भिंतीला हात लावून पाहिला असेल का? मला वाटतं, असेलच. काठेवाडात वाढलेली बाई. तिच्याही तळव्याला माती ओळखीची असणार.

म्हणजे हातानं करायच्या कामाचा एक धागा त्या संस्थेच्या मुळातच आहे. १९०१ मध्ये पाच मुलांची शाळा सुरू झाली तेव्हापासूनचा. श्रीनिकेतनात, म्हणजे संस्थेच्या ग्रामविकासाच्या केंद्रात, नांगर धरण्याचा उत्सव होतो, पावसाळ्यात झाड लावण्याचा. अल्पना, म्हणजे बंगाली रांगोळी, काढायला बोटं लागतात. कलाभवनाच्या आवारात काळोबाडी नावाचं विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे, तेही मातीचं आणि डांबराचं, श्यामलीच्याच वेळचं. त्याच्या भिंतींवर भारहूत आणि महाबलीपुरमपासून दूर इजिप्तपर्यंतच्या शिल्पांचे नमुने मुलांनी उठवलेले आहेत. त्याच्याजवळून जाताना मला श्यामलीपेक्षा ते घर जास्त सुखी वाटलं. हे माझं मन झालं, घराला सुखदुःख नसतं, ठाऊक आहे. पण कुणाच्या तरी वावराची ऊब भिंतीला लागलेली कळते. सव्वीस सालचं असो की छत्तीस सालचं, घर वापरात असलं की त्याचं वय वेगळं मोजलं जातं.

गाण्यांचंही तेच झालं. रवींद्रनाथांच्या लेखनाचे आणि गाण्यांचे हक्क विश्वभारतीकडे, त्यांनीच उभारलेल्या इथल्या विद्यापीठाकडे, होते. १९९१ मध्ये त्यांच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली आणि हक्क संपायची वेळ आली, तेव्हा कायद्यातली पन्नास वर्षांची मुदत साठ करण्यात आली. २००१ च्या अखेरीला तीही संपली. तोवर गाणं ध्वनिमुद्रित करायचं तर स्वरलिपीबरहुकूम आणि विश्वभारतीच्या संगीत मंडळाच्या मान्यतेनं. यामागेही प्रेमच होतं, भीतीही होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. नंतर काही गाण्यांचे हाल झाले ते मीही ऐकले आहेत. पण देबब्रत विश्वासांसारख्या गायकाच्या ध्वनिमुद्रणावर वाद्यांवरून आक्षेप घेतले गेले आणि पुढे त्यांनी ध्वनिमुद्रण करणंच थांबवलं, याची हळहळ बंगाली माणसाच्या बोलण्यात अजून येते. त्यांचा तो भरदार, जमिनीतून आल्यासारखा आवाज ऐकला की मला तरी कळत नाही, यानं गाणं बिघडलं असतं ते कसं. आमचा टोटोवाला सकाळी गुणगुणत होता ते रवींद्रसंगीतच होतं. सूर थोडा इकडे, थोडा तिकडे. वळण आलं की गाणं थांबायचं, हॉर्न वाजायचा, आणि पुढची ओळ तिथूनच. ते गाणं कुणी पहारा ठेवून त्याच्यापर्यंत पोचवलेलं नव्हतं. त्याच्या आईनं म्हटलं असेल, शाळेच्या बाईंनी म्हटलं असेल, पूजेच्या मांडवात लाउडस्पीकरवर लागलं असेल. हाताळून हाताळून ते त्याचं झालं होतं.

संध्याकाळी आईला घेऊन पियर्सन पल्लीकडे गेले. विश्वभारतीच्या लगतच हा संथाळांचा पाडा आहे. गांधीजींच्याही आधीपासून आश्रमात राहिलेल्या, बंगाली शिकलेल्या, इथल्या संथाळ मुलांमध्ये रमलेल्या विल्यम पियर्सन यांचं नाव त्याला आहे. सोहराय हा संथाळांचा सण तोंडावर आलेला होता. पाड्यात शिरलो तसा तो वास आला. मी जागीच उभी राहिले. आईनं तर डोळेच मिटले. एका घरासमोर एक बाई भिंत लिंपत होती, चाळिशीची असेल, कोपरापर्यंत हात मातीनं माखलेले. खालची अर्धी भिंत गडद, वरची फिकट, मध्ये हातानं ओढलेली एक सरळ रेघ, इतकी सरळ की दोरी लावली असावी असं वाटावं. दोरी नव्हती.

आई तिच्याशी मराठीत बोलायला लागली. मी मध्ये पडून माझं तुटकं हिंदी देऊ केलं, पण त्या दोघींना ते नको होतं. आईनं शेणाकडे बोट दाखवून ओंजळ केली आणि भुवया उंचावल्या: एवढं? त्या बाईनं हसून ओंजळ निम्मी करून दाखवली. मग आईनं चिखल चिमटीत घेऊन बोटांवर चोळून पाहिला. या वेळी शिट्टी वाजली नाही. "वाळू फार आहे हिच्या मातीत," आई मला म्हणाली, "म्हणून शेण कमी लागतं. आपल्याकडची माती चिकट." ती बाई पुन्हा कामाला लागली. तळवा खालून वर, मग डावीकडून उजवीकडे अर्धा गोल, मग पुन्हा खालून वर. आई बघत होती आणि तिचा हात तिच्या मांडीवर, पदराच्या काठाशी, तसाच फिरत होता. मला वाटलं होतं ती आता विचारेल, मी करू का थोडं? तिनं विचारलं नाही. नंतर मी म्हटलं तेव्हा म्हणाली, "दुसऱ्याची भिंत आहे ती. तिच्या हाताचा वळसा आहे तिला. मी मध्येच हात घातला तर सांधा दिसेल."

बंगाली शिकायला पुलं पन्नाशीत इथे येऊन राहिले होते, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांना शांतिनिकेतन पहिल्यांदा दिसलं ते त्यांच्यामुळे. आईला पाच दिवसांत तीनच बंगाली शब्द आले: हात देबेन ना.

परतीच्या गाडीत तिनं मला आजोळच्या घराचं सांगितलं. मला ठाऊक होतं ते, पण तिच्या तोंडून सगळं असं कधी ऐकलं नव्हतं. आजोबा गेले, आजीला माळवदावर चढणं होईना, मामानं शेजारी स्लॅबची दोन खोल्यांची इमारत बांधली आणि जुन्या घरात कडबा भरून ठेवायला सुरुवात झाली. दोन पावसाळे कुणी वर गेलं नाही. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात झड लागली आणि एका रात्री घर बसलं. मोठा आवाजही झाला नाही, आजी सांगायची, पोतं ठेवल्यासारखा. सकाळी उठून पाहिलं तर सर एकावर एक पडलेले आणि बाकी नुसता ढीग. मामानं दिवाळीनंतर ती सगळी माती बैलगाडीनं शेतात नेऊन टाकली. जुन्या घराच्या मातीसारखं खत नाही. गावात वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. आजी ओट्यावर बसून गाड्या जाताना बघायची. रडली नाही. "पांढरी काळीत गेली," एवढंच म्हणाली. त्या साली त्या तुकड्यात ज्वारी डोक्याच्या वर गेली होती.

श्यामली म्हणजे सावळी. काळीच म्हणायची. कवींना हवं होतं ते अक्षरशः आमच्या आजोळच्या घराला मिळालं, कुणी कविता न लिहिता.

पण मी खरं सांगते, मला ते अजून सोसत नाही. त्या ढिगातून मी दाराची कडी उचलून आणली होती. जड, घडीव लोखंडाची, मधोमध हात लागून लागून झिजलेली. ती माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये काचेच्या कपाटात आहे, आणि माझी मुलगी लहान असताना ती घेऊन खेळायला लागली की मी म्हणायचे, ठेव ती, हात नको लावूस. त्या पहारेकऱ्याच्या आवाजात जे आर्जव होतं ते माझ्याही आवाजात असायचं. कवी म्हणतात तसं ते घर गुपचूप निजू द्यावं असं श्यामलीपुढे उभं राहून मला एकदाही वाटलं नाही. ते असावं, अजून खूप वर्षं असावं असंच वाटलं. २५ जुलै १९४१ ला आजारी कवींना उदयनमधून उचलून नेलं, ते परत आले नाहीत. ७ ऑगस्टला कलकत्त्यातल्या जोडासांकोच्या घरात गेले. त्यांनी मागे ठेवलेल्या पाच घरांपैकी चार आपली आपण उभी राहतील. पाचव्याला मात्र दर पावसाळ्याआधी कुणीतरी लागतं. त्यासाठी निविदा निघत असेल, तज्ज्ञ येत असतील, मातीचे नमुने तपासत असतील. तसंच व्हायला हवं. तरीही माझ्या डोळ्यांपुढे राहून राहून येतं की पियर्सन पल्लीतल्या दहा बाया, कलाभवनातली वीस मुलं, सकाळचा गारठा, मोठ्या घमेल्यात तुडवलेला चिखल, आणि १० मार्चला झाडू हातात घेतात तसा वर्षातला एक दिवस त्या घराच्या फक्त मागच्या, शिल्पं नसलेल्या भिंतीला.

घरी आल्यावर मी श्यामलीचा फोटो मोठा करून आणला. शिट्टी वाजायच्या आधी काढलेला. त्यात आईची पाठ आहे, पुढे गेलेला हात आहे आणि हाताच्या पलीकडे भिंत. फोटो बघायला तिनं चष्मा लावला. स्वतःकडे तिनं पाहिलंच नाही. बोट फोटोच्या खालच्या कडेला नेऊन म्हणाली, "इथे बघ, जोत्यापाशी. पापुद्रा सुटायला लागलाय. पावसाच्या आधी कुणीतरी बघायला पाहिजे."

त्याला आता दोन वर्षं झाली. मे संपत आला, इकडे वळीव पडून गेला आणि उकाडा वाढला की ती एकदा तरी विचारतेच, "तिकडे पाऊस कधी लागतो गं?"

मी सांगते, दहा-बारा जूनच्या सुमाराला.

ती बोटांवर दिवस मोजते.